सुई, सलाईन आणि हातगुण : गावातला दवाखाना पारखायचा कसा?

बोर धरणाच्या वाटेवरचं हिंगणी असो की वर्धा जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातलं दुसरं कुठलं गाव, डॉक्टरची परीक्षा पारावर होते आणि निकालही तिथेच लागतो. ‘त्याच्या हाताला गुण आहे’ किंवा ‘तो नुसत्या गोळ्या देतो’. दोन्ही निकाल बहुतेक वेळा चुकीच्या कागदावरून तपासलेले असतात.

गैरसमज : सुई मारली, सलाईन लावली की खरा इलाज झाला.

साधा विषाणूजन्य ताप बहुधा तीन ते पाच दिवसांत आपला आपण उतरतो. माणूस दवाखान्यात जातो तिसऱ्या दिवशी, अंग पार मोडून आल्यावर. सुई घेतो, दुसऱ्या दिवशी बरं वाटतं आणि श्रेय सुईला जातं. ‘ताकदीची बाटली’ म्हणून जी लावतात, तिचा हिशेब तर बाटलीवरच छापलेला असतो. 500 मिलिलिटर नॉर्मल सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असतं, बाकी पाणी. 5 टक्के डेक्स्ट्रोजच्या तेवढ्याच बाटलीत 25 ग्रॅम साखर, म्हणजे साधारण पाच चमचे. एका भाकरीत यापेक्षा जास्त ताकद असते. जुलाब-उलट्यांनी ज्याच्या पोटात घोटभर पाणी टिकत नाही, त्याचा जीव हीच बाटली वाचवते. पण ज्याला पिता येतं, त्याला ओआरएसची पुडी पुरते. सुई निर्जंतुक नसेल तर गळू आणि कावीळ पदरी पडते ती वेगळीच. यात सगळा दोष डॉक्टरांच्या माथी मारणंही बरोबर नाही. सुई न देणाऱ्याकडे आपणच दुसऱ्यांदा जात नाही.

गैरसमज : सरकारी डॉक्टर बघत नाहीत, खासगीवाले नीट बघतात.

यात अर्धं खरं आहे, आणि ते अर्धं नीट समजून घेण्यासारखं आहे. अर्थतज्ज्ञ जिष्णु दास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मध्य प्रदेशातल्या खेड्यांत शिकवून तयार केलेले ‘रुग्ण’ दवाखान्यांत पाठवले. कुणी छातीत दुखतंय म्हणून गेलं, कुणी दम्याची तक्रार घेऊन, कुणी घरी असलेल्या लेकराच्या जुलाबासाठी. 2016 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तोच सरकारी डॉक्टर स्वतःच्या खासगी दवाखान्यात जास्त वेळ देत होता, जास्त प्रश्न विचारत होता आणि योग्य औषधही जास्त वेळा देत होता. म्हणजे फरक डिग्रीचा नव्हता. पण गरज नसलेली औषधं दोन्हीकडे सारखीच लिहिली जात होती. पैसे मोजल्याने वेळ मिळाला, फालतू गोळ्या काही टळल्या नाहीत. आपल्याकडे 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत. तेव्हा ‘फुकटचं आहे, कसं बोलायचं’ हा संकोच सोडून डॉक्टरांना विचारावं : मला झालंय काय, आणि ही गोळी कशासाठी?

गैरसमज : एका फेरीत गुण आला तर दवाखाना चांगला.

खरी परीक्षा अशा आजारात होते, ज्यात दुखत काहीच नाही. बीपी हा त्यातला पहिला. या बाबतीत वर्धा जिल्ह्याकडे सांगण्यासारखं आहे. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम महाराष्ट्रात पहिल्यांदा आला तो भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा या जिल्ह्यांत. किती रुग्ण तपासले, किती गोळ्या वाटल्या यावर तिथे यश ठरत नाही. नोंदलेल्या रुग्णांपैकी किती जणांचा बीपी या तिमाहीत 140/90 च्या खाली आहे, हे बघतात. जे फिरकलेच नाहीत, त्यांचीही वेगळी मोजणी होते. त्यांना विसरून आकडा फुगवता येत नाही.

तपासणी कशी होते तेही आपल्याला बघता येतं. आल्या आल्या, धापा टाकत असताना, शर्टाच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळून घेतलेलं माप कामाचं नाही. पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसायचं, दंड उघडा, हात छातीच्या पातळीवर टेकलेला. अर्ध्या तासात चहा, खर्रा, बिडी काही नको. खर्ऱ्याचं कुणी विचारलंच नाही, तर आपण होऊन सांगावं! महिन्याची औषधं एकदम मिळाली, कार्डावर आकडा लिहिला, पुढची तारीख दिली आणि ती चुकल्यावर आशाताई दारात आल्या, तर तो दवाखाना भिंतीला रंग नसला तरी चांगला.

गैरसमज : ‘पुढे न्या’ म्हणाले, म्हणजे यांना काही जमत नाही.

इथे साप चावल्याचं उदाहरण घ्यावं, कारण बोरच्या जंगलालगत पावसाळ्यात ती काल्पनिक गोष्ट नाही. चांगलं आरोग्य केंद्र रुग्णाचं थोडं रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेऊन 20 मिनिटं न हलवता ठेवतं. गोठलं नाही, तर विषाचा परिणाम रक्तावर झाला आहे. लक्षणं असतील तर सर्पदंशावरच्या प्रतिविषाची पहिली मात्रा, साधारण 10 कुप्या, तिथेच सुरू करायची आणि मग 108 ला बोलावून सेवाग्राम, सावंगी किंवा वर्ध्याला पाठवायचं. सोबत चिठ्ठी हवी : चावा किती वाजता, काय दिलं, किती दिलं. काहीच न करता, चिठ्ठीविना वाटेला लावलं, तर मात्र तक्रार रास्त आहे. वेळेत पाठवणं हे कौशल्यच आहे. दोन दिवस ठेवून घेऊन तिसऱ्या दिवशी हात वर करणाऱ्यापेक्षा ते कधीही बरं.

गैरसमज : दारात बक्षिसाची पाटी आहे, म्हणजे शंकाच नको.

‘कायाकल्प’ पुरस्कार 2015 पासून आहे आणि तो मुख्यतः स्वच्छता व जंतुसंसर्ग रोखण्यासाठी. निदान बरोबर होतं का, हे तो सांगत नाही. राष्ट्रीय गुणवत्ता मानकांचं, म्हणजे ‘एनक्वास’चं, प्रमाणपत्र असेल तर त्यात उपचारही तपासलेले असतात. तेही कायमचं नसतं, म्हणून तारीख बघावी.

खासगीत बघायची गोष्ट वेगळी. ॲलोपॅथीच्या डॉक्टरचा नोंदणी क्रमांक दवाखान्यात आणि चिठ्ठीवर असायलाच हवा. खाटा असलेल्या रुग्णालयाने 2021 च्या राज्य नियमांनुसार दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद लावायची आहे. आणि आपले कागद मागितल्यावर 72 तासांत द्यावे लागतात. मागायचे मात्र लेखी, आणि अर्जाची पोच घेऊन.