मोक्षाचा मक्ता कोणाचा?

राळेगणसिद्धीचे नाव निघाले की नालाबांध, पाणलोट, ग्रामसभा आणि अण्णा हजारे ही ओघानेच आठवतात. परंतु नगर जिल्ह्याच्या पारनेर तालुक्यातील या अवर्षणग्रस्त गावाच्या अर्वाचीन इतिहासाचा उगम ज्या पुस्तकात आहे, असे अण्णा स्वतः सांगत आले आहेत, ते पुस्तक जलसंधारणाचे नव्हते. लष्करी नोकरीत असताना नवी दिल्लीच्या रेल्वे-स्थानकावर त्यांनी विकत घेतलेली ती विवेकानंदांच्या विचारांची एक पुस्तिका होती. आणि १९७५ साली नोकरीतून मोकळे होऊन गावी परतल्यावर त्यांनी जो पहिला उद्योग आरंभिला, तो यादवबाबांच्या जीर्ण मंदिराच्या दुरुस्तीचा, तोही पदरच्या पैशाने. बंधाऱ्यांचे पर्व त्यानंतरचे.

विवेकानंदांचे नाव आले की १८९३ची शिकागोची सर्वधर्मपरिषद आलीच. सर्व पंथ एकाच सागरास मिळणाऱ्या नद्या आहेत, हा शिवमहिम्नस्तोत्रातील दृष्टान्त स्वामींनी तेथे सांगितला, हे शाळकरी मुलांसही ठाऊक असते. पण त्याच परिषदेत नगरचाही एक वक्ता हजर होता, हे नगरकरांपैकी कितीजणांस ठाऊक आहे कोण जाणे! रेव्हरंड रॉबर्ट ॲलन ह्यूम हे त्यांचे नाव. १८४७ साली मुंबईत जन्मलेले, १८३१ साली अहमदनगरास ठाणे देऊन बसलेल्या अमेरिकन मराठी मिशनचे धुरीण. पुढच्याच वर्षी अमेरिकेत मिशनरी कार्याच्या योग्यायोग्यतेवरून ह्यूमसाहेब आणि स्वामी यांच्यात पत्रापत्री झाली. एवढ्यावरून ह्यूम म्हणजे कट्टर आणि विवेकानंद म्हणजे उदार, असा निवाडा करून मोकळे होण्याचा मोह होतो. पण ह्यूम यांचे जुने दफ्तर उघडले की तो निवाडा फिरवावा लागतो.

शिकागोच्या सात वर्षे आधी, म्हणजे १८८६ साली, रजेवर मायदेशी गेलेल्या ह्यूम यांनी मॅसॅच्युसेट्समधील अँडोव्हर येथे एक भाषण केले. ज्यांच्या कानांवर ख्रिस्ताचे नाव या जन्मी पडलेच नाही, त्यांस मरणोत्तर तरी ते ऐकण्याची संधी मिळत असेल, या मताविषयी त्यांनी त्या भाषणात सहानुभूती व्यक्त केली. आणि ज्या बोस्टनच्या मंडळाने त्यांस हिंदुस्थानात धाडले होते, त्यानेच त्यांची परतीची परवानगी अडवून धरली. मंडळाचे भय उघड होते: मेल्यावरही उद्धार शक्य असेल तर समुद्र ओलांडून धर्मप्रसारास जावेच कशाला? पण हाच प्रश्न नगरच्या एखाद्या महारवाड्यात कसा उभा राहत असेल, याचा विचार करावा. नुकताच बाप्तिस्मा घेतलेला एक म्हातारा पाद्रीबाबांस विचारतो, “साहेब, मी तरलो, पण माझा आजा, त्यानं तर तुमच्या देवाचं नावबी ऐकलं न्हाई, त्यो कुठं गेला?” ‘नरकात’ असे उत्तर दिले तर देवाचा न्याय लंगडा ठरतो, ‘स्वर्गात’ असे दिले तर मिशनच्या अस्तित्वाचे कारणच उरत नाही. बराच काथ्याकूट होऊन १८८७ साली ह्यूम यांस परतण्याची मुभा मिळाली. मोक्षाचा मक्ता एकाच धर्माकडे आहे, या मतास त्याच्याच एका निष्ठावंत सेवकाने नगरच्या अनुभवावर उभे राहून घातलेला हा पेच, मला परिषदेतील टाळ्यांहून अधिक मोलाचा वाटतो.

याच मिशनच्या छायेत पुढे नारायण वामन टिळक आले. १८९५ साली मुंबईस बाप्तिस्मा घेतलेले हे कोकणस्थ कवी नगरला राहिले, येथील ईश्वरविद्यालयात शिकवू लागले, आणि तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, असे सांगू लागले. ज्यू लोकांचा जुना करार जशी येशूची पूर्वतयारी, तशीच मराठी संतवाणी, असा या भूमिकेचा मथितार्थ. येथे दुसऱ्याचा धर्म खोटा ठरत नाही, अपुरा ठरतो. ही भूमिका प्रेमळ आहे यात शंका नाही. परंतु ज्या वारकऱ्यास तुकोबा हा पूल नसून मुक्काम आहे, त्याला हे प्रेम किंचित वरून खाली आल्यासारखे वाटले, तर त्याला दोष देता येणार नाही.

मात्र दुसऱ्याची वाट खोटी नव्हे, अपुरी, ही दृष्टी साहेबाने आणलेली नव्हे. प्रवराकाठच्या नेवाशास, शके १२१२ मध्ये, ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायात तिची प्रौढ मांडणी झालेली आहे. अन्य देवतांना श्रद्धेने भजणारेही मलाच भजतात, पण विधी सोडून, या गीतावचनावर भाष्य करताना ज्ञानदेव सांगतात की झाडाच्या फांद्या-पाने एकाच बीजाची असली तरी पाणी मुळाशीच घातले पाहिजे. दाही इंद्रिये एकाच देहाची असली, म्हणून उत्तम पक्वान्न कानात भरून चालत नाही आणि फुले डोळ्यांस बांधून वास येत नाही. ‘सर्व धर्म सारखेच’ या वाक्यासाठी ज्ञानदेवांची साक्ष काढणाऱ्यांनी हे स्थळ अवश्य पाहावे. मूळ एक आहे, असे ते म्हणतात. सर्व वाटा सारख्या आहेत, असे म्हणत नाहीत.

श्रीगोंद्याचे शेख महंमद यांची गोष्टही अशीच. मालोजीराजे भोसल्यांचा आश्रय लाभलेले, परंपरेने चांद बोधल्यांचे शिष्य मानले गेलेले हे मुसलमान संतकवी ‘योगसंग्राम’ हा ग्रंथ मराठीत लिहितात, गोविंदाला हृदयात ठेवतात, आणि तरीही मुल्ला व भट या दोघांच्या ढोंगावर व क्षुद्र दैवतांच्या उपासनेवर सारखेच कोरडे ओढतात. समन्वयाचे संत म्हणून त्यांची आरती ओवाळताना ही तिखट बाजू आपण सोयीने विसरतो. शिर्डीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून येथे थांबत नाही.

नगरच्या भुईकोट किल्ल्याचे मात्र ऋण फेडले पाहिजे. १९४२ सालच्या ऑगस्टात तेथे आणलेल्या राजबंद्यांपैकी नेहरूंचे नाव सर्वांस आठवते. त्यांचे सहबंदी मौलाना आझाद यांचे फारसे नाही. खोलीत घरटी करणाऱ्या चिमण्यांवर आणि आपल्या आवडत्या चहावर त्यांनी तेथे लिहिलेली, पण तेव्हा टपालात न पडलेली पत्रे ‘गुबारे खातिर’मध्ये संगृहीत आहेत. कुराणावरील भाष्यात आझादांनी पूर्वीच एक भेद करून ठेवला होता: ‘दीन’ म्हणजे एका ईश्वराची भक्ती आणि सदाचार, तो सर्वत्र एकच, ‘शरीअत’ म्हणजे विधिनिषेध, ते देशकालानुसार भिन्न. भांडणे होतात ती शरीअतीला दीन समजल्यामुळे. ही मांडणी देखणी आहे. पण पाथर्डीच्या जैन धार्मिक परीक्षा मंडळात अभ्यासाला बसलेल्या विद्यार्थ्याने ती वाचली, तर तो नम्रपणे विचारील की जगाचा कर्ता ईश्वरच न मानणारा माझा धर्म या ‘दीना’त कोठे बसवावयाचा?

त्या विद्यार्थ्याकडे स्वतःचे उत्तर आहे, आणि हिंदुस्थानच्या तत्त्वचिंतनातील ते सर्वांत सूक्ष्म उत्तरांपैकी एक होय. अनेकान्तवाद म्हणतो की वस्तू अनंतधर्मात्मक आहे, प्रत्येक विधान एका नयापुरते, म्हणजे एका दृष्टिकोनापुरते, खरे. मग स्वतः अनेकान्तवादही एका नयापुरताच खरा का? हा आक्षेप समंतभद्राचार्यांनी टाळला नाही; अनेकान्तही अनेकान्तच आहे, असे त्यांनी निःसंकोच मान्य केले. इंग्लंडचे धर्मतत्त्वचिंतक जॉन हिक यांनी १९८९ साली, परमसत्य एकच असून प्रत्येक संस्कृती आपापल्या कल्पनांच्या साच्यातून त्याचा अनुभव घेते, असा सिद्धान्त मांडला, तेव्हा त्यांच्यावरही नेमका हाच आक्षेप आला: सर्वांच्या वर उभे राहून पाहण्याची सनद हिकना कोणी दिली? सर्व धर्मांना एका छपराखाली घेणारा प्रत्येक विचार अखेरीस एक नवी भिंतच उभारतो, आणि ते छप्पर आपल्याच मालकीचे आहे असे मानू लागतो.

म्हणूनच मला जोतीराव फुल्यांची युक्ती अधिक रुचते. त्यांनाही नगरचे देणे आहे. १८४८ साली मिस फॅरार यांची मिशनची मुलींची शाळा त्यांनी नगरात पाहिली, आणि पुण्यास मुलींची शाळा काढली. पक्षाघाताने उजवा हात गेल्यावर डाव्या हाताने लिहिलेल्या, आणि मृत्यूनंतर १८९१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त ते एका कुटुंबाचे चित्र रंगवितात. बाईने धर्मग्रंथ वाचून बौद्ध व्हावे, नवऱ्याने बायबल वाचून ख्रिस्ती व्हावे, मुलीने कुराण वाचून मुसलमान, तर मुलाने सत्यधर्मी. आणि चौघांनी एकमेकांचा हेवा न करता एकाच घरात नांदावे. चौघांचे ग्रंथ एकच सांगतात, असे फुले म्हणत नाहीत. ऐक्याची अट त्यांनी सत्यावरून उचलून संसारावर ठेवली. अर्थात एक निर्मिक, म्हणजे निर्माता, सर्वांचा, ही त्यांची स्वतःची श्रद्धा त्या घराच्या पायात आहेच. आणि निर्मिक न मानणाऱ्या बौद्ध गृहिणीने त्या पायावर कसे राहावे, हा वाद तेथेही उभा राहणारच. त्याच पुस्तकात सत्यशोधक विवाहाचा विधीही दिलेला आहे; पण मुसलमान झालेली ती कन्या तो विधी करील की काझीस बोलावील, आणि तिचा ख्रिस्ती बाप त्या दिवशी कोठे उभा राहील, याचा फैसला त्या चौघांनाच घरात बसून करावा लागेल.