आधी उचलू नका!

आकाशकंदील लावायचा म्हणजे आमच्या अंधेरीच्या इमारतीत एक स्टूल, स्टुलावर पाट आणि पाटावर शेजारचे नाना, असा दरवर्षीचा मनोरा असे. तीन वर्षांपूर्वी तो कोसळला. नाना गॅलरीत पाठीवर आपटले. मी धावलो, काखांत हात घालून त्यांना बसवले, पाणी पाजले आणि दोघातिघांच्या मदतीने रिक्षात घातले. खड्डे मोजीत इस्पितळ गाठले. एक्स-रे पाहून डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न केला, "यांना बसवलं कुणी?"

मानेचा मणका चिरला होता. आतला मज्जारज्जू शाबूत राहिला तो नानांच्या नशिबाने. माझ्या शहाणपणाने खास नव्हे! नाना तीन महिने मानेला पट्टा बांधून होते. त्या काळात मी त्यांच्याकडे चहा घ्यायलाही बिचकत असे.

मग मी प्रथमोपचाराच्या वर्गाला जाऊन बसलो. तिथल्या पुस्तकात 'निश्चलीकरण' असा भारदस्त शब्द होता. मराठी शिकवणाऱ्या माणसाला तो आवडायला हवा, पण आमच्या शिक्षकांनी तो दोन शब्दांत सोडवला : "धरून ठेवा." माणूस उंचावरून पडला किंवा वाहनाने उडवला, की मणका दुखावला आहे असेच धरून चालायचे. श्वास चालू आहे ना, रक्त वाहते आहे का, हे आधी पाहायचे. मग डोक्याशी गुडघे टेकून दोन्ही हातांनी डोके आहे तसे स्थिर धरायचे आणि 108ला फोन करायला दुसऱ्याला सांगायचे. ओकारी आलीच, तर तिघाचौघांनी डोके, खांदे, कंबर एकाच वेळी, ओंडका लोटावा तशी कुशीवर वळवायची. पाणी मात्र पाजायचे नाही.

मोडक्या हातापायाचेही तसेच. मोडलेल्या हाडाची टोके हलली की आतल्या रक्तवाहिन्या फाटतात. एकट्या मांडीत लिटरभराहून अधिक रक्त गुपचूप साठू शकते. आपले हाडवैद्य बांबूच्या कामट्या बांधीत. लिव्हरपूलचा ह्यू ओवेन थॉमस हाही हाडवैद्यांच्याच घराण्यातला. त्याने पायासाठी लोखंडी सांगाडा बनवला. त्याच्या बायकोचा भाचा रॉबर्ट जोन्स याने तो पहिल्या महायुद्धात आघाडीवर नेला आणि मांडी मोडलेल्या सैनिकांचे मृत्यू पुष्कळ कमी झाले. आपल्याला सांगाडा कुठला? घडी घातलेले वर्तमानपत्र, छत्री, नाहीतर शेजारचा धडका पायसुद्धा चालतो. बांधल्यावर बोटे निळी वा गार पडत नाहीत ना, एवढे पाहावे.

"पण साहेब, रस्त्याच्या मधोमध पडला असेल तर?" असे मी वर्गात विचारले होते. आग किंवा भरधाव वाहतूक अंगावर येत असेल, तर शरीर सरळ रेषेत ठेवून ओढून काढायचेच. मात्र संकटच थांबवता आले तर त्याहून उत्तम. तेव्हा मला आमचा गोखले पूल आठवला. 3 जुलै 2018च्या सकाळी पावसात त्याचा पादचारी भाग रुळांवर कोसळला, माणसे जखमी झाली. समोरून लोकल येत होती. मोटरमन चंद्रशेखर सावंत यांनी ती ब्रेक लावून ढिगाऱ्याच्या अलीकडेच थांबवली.

गेल्या जुलैत आमच्याच रस्त्यावर एक पोरगा स्कूटरवरून घसरला. "उचला, उचला!" असा गलका झाला. मी त्याचे शिरस्त्राणासकट डोके धरून चिखलात बसलो आणि दोन रिक्षावाल्यांना रिक्षा आडव्या लावायला सांगितले. शिव्या भरपूर खाल्ल्या. एक गृहस्थ म्हणाले, "पोलिसांच्या लफड्यात पडाल." त्यांना ठाऊक नसावे : 2019च्या दुरुस्तीपासून मोटार वाहन कायद्याचे कलम 134-अ अशा मदतनिसाला संरक्षण देते. पोरगा सारखा मोबाईल विचारीत होता. रुग्णवाहिका येईपर्यंत माझ्या पायांना मुंग्या आल्या होत्या. त्यांनी मधून दुभंगणारे स्ट्रेचर दोन बाजूंनी त्याच्या अंगाखाली सारले आणि त्याला अलगद घेतले.

यंदा स्टुलावर मी चढणार आहे; पाट रद्द. नाना खुर्चीत बसून हुकूम सोडतील. परवाच त्यांनी बजावले, "मास्तर, पडलात तर मी डोकं तेवढं धरीन. चहा मागायचा नाही!"