ॲलेगेनी काउंटी न्यायालय : इतिहास आणि वास्तुरचना

अमेरिकेत काउंटी हा राज्याखालील प्रशासकीय घटक असून काउंटीचे न्यायालय हे तेथील नागरी जीवनाचे केंद्र मानले जाते. पेनसिल्व्हेनिया राज्यातील पिट्सबर्ग शहरात असलेली ॲलेगेनी काउंटीची न्यायालयीन इमारत या परंपरेतील एक श्रेष्ठ वास्तू होय.

ग्रँट स्ट्रीटवरील पूर्वीचे न्यायालय १८८२ मध्ये आगीत नष्ट झाले. नव्या इमारतीसाठी घेण्यात आलेल्या स्पर्धेतून हेन्री हॉब्सन रिचर्डसन (१८३८–१८८६) यांच्या आराखड्याची निवड झाली. पॅरिस येथे शिक्षण घेतलेल्या रिचर्डसन यांना बोस्टनच्या ट्रिनिटी चर्चमुळे कीर्ती लाभली होती. मात्र न्यायालय पूर्ण होण्यापूर्वीच, वयाच्या ४७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. शेपली, रूटन आणि कूलिज या त्यांच्या उत्तराधिकारी वास्तुविशारदांनी १८८८ मध्ये हे काम पूर्णत्वास नेले.

मध्ययुगीन रोमनेस्क शैलीतील अर्धवर्तुळाकार कमानी, जाड भिंती आणि ओबडधोबड घडाईचे ग्रॅनाइटचे चिरे ही या वास्तूची ठळक लक्षणे आहेत. तथापि तिचे खरे सामर्थ्य दर्शनी भागापेक्षा आतील चौकात आहे. वाड्यातील चौकाप्रमाणे हा मोकळा चौक सर्व बाजूंच्या दालनांना उजेड व हवा पुरवतो. पिट्सबर्ग हे त्या काळी कोळशाच्या धुराने काळवंडलेले पोलादनगर होते. त्यामुळे उंच मनोऱ्याचा उपयोग केवळ शोभेसाठी न करता, धुराच्या थरावरची हवा आत ओढून घेण्यासाठी करण्यात आला. सौंदर्य व उपयुक्तता यांची अशी सांगड घालणारी शासकीय इमारत विरळाच म्हणावी लागेल.

न्यायालयाच्या मागील बाजूस तुरुंग असून रॉस स्ट्रीटवरील एक दगडी पूल दोन्ही इमारतींना जोडतो. व्हेनिसमधील ‘निःश्वासांचा पूल’ हा त्याचा आदर्श होय. आरोपींची ने-आण रस्त्यावरील जनतेच्या नजरेआड व्हावी, हा त्यामागील व्यावहारिक हेतू. न्यायदान आणि शिक्षा यांतील अंतर येथे एका पुलाइतकेच उरते, ही बाब विचार करायला लावणारी आहे.

कालांतराने शहराने या वास्तूवर अन्यायही केला. १९१० च्या दशकात ग्रँट स्ट्रीटवरील टेकाड खोदून रस्त्याची पातळी खाली आणण्यात आली. परिणामी तळघर उघडे पडून रस्त्याच्या पातळीवर आले आणि मूळ प्रवेशद्वार वरच अधांतरी राहिले. पुढे प्रवेशकमानी खालपर्यंत वाढवण्यात आल्या. परंतु रिचर्डसन यांनी साधलेले दर्शनी भागाचे प्रमाण त्यामुळे बिघडले. वाहतुकीच्या सोयीपुढे वास्तुमूल्यांचा विचार गौण ठरल्याचे हे बोलके उदाहरण आहे.

१९७६ मध्ये न्यायालय व तुरुंग यांना राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला. १९९५ मध्ये तुरुंग बंद झाला, तेव्हा तो पाडण्याऐवजी त्याचे रूपांतर कौटुंबिक न्यायालयात करण्यात आले. जेथे कैद्यांच्या कोठड्या होत्या, तेथे २००० पासून कुटुंबांचे वाद ऐकले जाऊ लागले.