मेळघाटात मुक्काम कुठे करावा?

मराठवाड्यातल्या आपल्या धर्मापुरीच्या माणसाला बाहेरगावचा मुक्काम म्हटला की देवस्थान आठवतं. पंढरपूर असो की तुळजापूर, तिथला हिशेब सरळ असतो : देवळाच्या जितकं जवळ तितकं बरं, आणि भक्तनिवासात खोली मिळाली की काळजी मिटली. दिवाळीनंतर घरातली मुलं ‘यंदा जंगल बघू, थंड हवेचं ठिकाण बघू’ असा आग्रह धरतात तेव्हा आपण हीच सवय घेऊन मेळघाटची खोली शोधायला बसतो. ‘मेळघाटजवळ हॉटेल’ असं शोधायचं, फोटो बघायचे, दर बघायचा आणि पैसे भरून मोकळं व्हायचं. गडबड इथेच होते, कारण मेळघाट ही एक जागा नाही. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांना लागून सातपुड्यात पसरलेला हा व्याघ्रप्रकल्प २,७०० चौरस किलोमीटरांहून मोठा आहे. त्याच्या पोटात ३६१ चौरस किलोमीटरांचं गुगामल राष्ट्रीय उद्यान आहे. १९७३ साली व्याघ्रप्रकल्पाची योजना सुरू झाली तेव्हा देशभरातली जी पहिली नऊ जंगलं निवडली गेली, त्यांत मेळघाट होतं.

एवढ्या मोठ्या डोंगराळ मुलखात ‘जवळ’ या शब्दाला अर्थ येतो तो गेटावरून. सफारीची जिप्सी ठरलेल्या गेटातून, ठरलेल्या वेळी आत जाते. सकाळची फेरी उजाडता उजाडता सुटते. म्हणून खोली शोधण्याआधी गेट ठरवायचं. मेळघाटातला मुक्काम निवडण्याची निम्मी विद्या एवढीच आहे, आणि बहुतेक लोक नेमकं उलटं करतात.

आता उंचीकडे बघू, कारण मेळघाटातले मुक्काम तीन पातळ्यांवर आहेत. खाली सपाटीवर परतवाडा-अचलपूर आणि अकोट ही बाजाराची गावं. वर पठारावर चिखलदरा, समुद्रसपाटीपासून १,११८ मीटरांवर. आणि डोंगरांच्या पलीकडे, पुन्हा खाली उतरून, सिपना नदीच्या खोऱ्यात सेमाडोह, कोलकास आणि हरिसाल. परतवाड्याहून धारणीकडे जाणारा रस्ता घटांगवरून ही तिन्ही ठिकाणं ओळीनं गाठतो. परतवाडा ते सेमाडोह हे अंतर सुमारे पन्नास किलोमीटर आहे आणि कोलकास त्याच्या पुढे पंधराएक किलोमीटर. नकाशावर हे आकडे किरकोळ दिसतात. घाटात मात्र आपल्या परळी-गंगाखेड रस्त्याचा वेग धरून चालत नाही. ताशी तीस-पस्तीसचा हिशेब धरावा.

चिखलदऱ्याला लोक मेळघाटचं दार समजतात. खरं तर ते कोअर, म्हणजे गाभ्याच्या, जंगलाबाहेरचं एक नगर आहे, नगरपरिषद असलेलं. १८२३ साली हैदराबाद फौजेतल्या रॉबिन्सन नावाच्या कॅप्टनानं ही जागा हेरली असं सांगतात, आणि तेव्हापासून ती वऱ्हाडातल्या उन्हाळ्याची पळवाट आहे. इथे एमटीडीसीचं पर्यटक निवास आहे, खासगी हॉटेलं आहेत, दुकानं आहेत, ग्रामीण रुग्णालय आहे. गाविलगडचा किल्ला, भीमकुंड आणि दऱ्यांवरचे पॉइंट एका दिवसात बघून होतात. गवळी वस्त्यांतल्या दुधामुळे खवा आणि रबडी चांगली मिळते, आणि महाराष्ट्रात कॉफीची लागवड म्हणून ज्या गावाचं नाव घेतलं जातं ते हेच. ज्यांच्या सोबत आजी-आजोबा आहेत, कडेवर लहान मूल आहे, किंवा ज्यांना वाघापेक्षा हवा महत्त्वाची आहे, त्यांनी फार विचार न करता चिखलदरा घ्यावं. वैराटच्या बाजूची सफारी इथून जमते. पण चिखलदऱ्यात राहून सेमाडोहच्या गेटाची सकाळची फेरी घेतली, तर काळोखात, बऱ्याचदा धुक्यात, तासभर घाट उतरावा लागतो. चालक त्या रस्त्याला नवखा असेल तर मी हा बेत करू नका असंच सांगेन.

सेमाडोह आणि कोलकास हे जंगलातले खरे मुक्काम. दोन्हीकडे वनविभागाची पर्यटक निवासाची सोय आहे. सेमाडोह मोठं आहे, सामूहिक निवासाची व्यवस्था असलेलं. शाळेच्या सहली आणि पंधरा-वीस जणांचे गट तिथे सामावतात. कोलकास लहान आणि निवांत. विश्रामगृह सिपना नदीच्या वळणावर उंचवट्यावर आहे, आणि व्हरांड्यातून खालचं पात्र दिसतं. मला निवडायला सांगितलं तर मी कोलकासच निवडीन. मात्र खोलीबद्दल हॉटेलची अपेक्षा ठेवून जाऊ नये. इथे खोल्या साध्या असतात, वीज जाते, मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही. जेवण सांगितल्यावर रांधतात, म्हणून पोचायच्या आधीच किती ताटं लागतील ते कळवून ठेवावं. रात्री आवारात फिरायचं नाही आणि गाणी लावायची नाहीत. अस्वल आणि गवा यांना पर्यटक निवासाची हद्द कळत नाही.

जंगलात एवढ्या मोजक्याच खोल्या का, असं पुष्कळ जण विचारतात. त्याचं एक कारण २०१२ सालात आहे. त्या वर्षी जुलैत सर्वोच्च न्यायालयाच्या अंतरिम आदेशानं देशभरातल्या व्याघ्रप्रकल्पांच्या कोअर क्षेत्रातलं पर्यटन थांबलं. ऑक्टोबरमध्ये बंदी उठली ती राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची नवी मार्गदर्शक तत्त्वं आल्यावर. त्यांनुसार कोअरचा जास्तीत जास्त वीस टक्के भाग पर्यटनासाठी वापरता येतो आणि कोअरमध्ये पर्यटनाची नवी बांधकामं करता येत नाहीत. थोडक्यात, कोअरच्या आत जे जुनं आहे तेवढ्यावरच भागवायचं. नवी हॉटेलं निघणार ती बाहेर, गेटांच्या आसपासच्या गावांत. उत्तराखंडात कॉर्बेटच्या आत धिकालाच्या वनविश्रामगृहासाठी लोक महिनेच्या महिने आधी डोळा लावून बसतात, तेही याच टंचाईपायी. कोलकासला तेवढी चढाओढ नसते, पण दिवाळी, नाताळ आणि जोडून आलेल्या सुट्ट्यांना खोली आयत्या वेळी मिळेल या भरवशावर निघू नये.

आरक्षणातली एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण तिथे बऱ्याच घरांचा पैसा आणि सकाळ दोन्ही वाया जातात. खोली आणि सफारी ही दोन वेगळी आरक्षणं असतात. वनविभागाच्या निवासात खोली मिळाली म्हणजे उद्याच्या जिप्सीत जागा मिळाली असं होत नाही. सफारीत प्रवेश शुल्क, गाडी आणि गाइड असे हिशेब वेगळे असतात. म्हणून क्रम असा ठेवावा : आधी ज्या गेटाची सफारी हवी त्या तारखेला जागा आहे का बघावं, मग त्याच गेटाजवळची खोली, आणि दोन्ही एकाच बैठकीत पक्कं करावं. आरक्षण करताना ज्या ओळखपत्राचा क्रमांक दिला, तेच मूळ ओळखपत्र प्रत्येकानं सोबत घ्यावं, आजीनंसुद्धा.

तिसरी वाट फार कमी लोक धरतात : अकोटच्या बाजूनं शहानूर. नरनाळा किल्ल्याच्या पायथ्याचं हे गेट अकोला जिल्ह्यात आहे, त्यामुळे मराठवाड्यातून जाणाऱ्याला परतवाड्याचा फेरा पडत नाही. पूर्वी पूर्णेहून अकोल्याला येणारी मीटरगेज गाडी पुढे अकोट ओलांडून थेट मेळघाटातून खांडव्याला जायची. २००८ मध्ये पूर्णा-अकोला मार्ग ब्रॉडगेज झाला. जंगलातल्या टप्प्यातून मोठी रेल्वे न्यावी की बाहेरून वळवावी, यावर पुढे वर्षानुवर्षं वाद झाला आणि २०१७ च्या सुरुवातीला अकोला-खांडवा मीटरगेज बंद पडली. अकोला ते अकोट एवढा तुकडा नोव्हेंबर २०२२ मध्ये ब्रॉडगेजवर पुन्हा सुरू झाला. किल्ला आणि जंगल दोन्हींची आवड असेल तर शहानूर उत्तम. थंड हवा हवी असेल तर ते ठिकाण नव्हे.

थंडीविषयी आपल्याकडे अंदाज हमखास चुकतो. दर हजार मीटर उंचीमागे तापमान सरासरी सहा ते सात अंशांनी उतरतं. परतवाड्याच्या सपाटीपासून चिखलदरा जवळजवळ साडेसातशे मीटर वर, म्हणजे दुपारी चार-पाच अंशांचा फरक सहज पडतो. त्यामुळे एप्रिल-मे मध्ये चिखलदरा सुसह्य असतं आणि सेमाडोहचं खोरं तापलेलं. हिवाळ्यातल्या पहाटे मात्र चित्र उलटं होऊ शकतं. रात्री जमीन निवते, तिच्यालगतची हवा गार आणि जड होते आणि उतारावरून ओघळत खोऱ्याच्या तळाशी साचते. नदीकाठच्या मुक्कामी म्हणूनच पहाटे कडाका जाणवतो, आणि त्याच वेळी तुम्ही उघड्या जिप्सीत बसलेले असता. डिसेंबर-जानेवारीत धर्मापुरीतला स्वेटर तिथे पुरत नाही. कानटोपी, जाड चादर आणि हातमोजे घ्यावेत. आपल्या बालाघाटच्या थंडीवरून सातपुड्याचा अंदाज बांधू नये.

महिना ठरला की मुक्काम अर्धा ठरतो. पावसाळ्यात, साधारण जुलै ते सप्टेंबर, कोअरमधल्या सफारी बंद असतात. तेव्हा सेमाडोहचा आग्रह धरण्यात अर्थ नाही. धबधबे आणि धुकं चिखलदऱ्यालाच. पण जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारी तिथे गाड्यांची रांग लागते. चिखलदऱ्याला धामणगाव गढीवरून आणि घटांगवरून असे दोन रस्ते चढतात, आणि गर्दीच्या दिवसांत एकानं जाणं आणि दुसऱ्यानं येणं अशी एकेरी वाहतूक ठेवली जाते. निघण्याआधी परतवाड्यात विचारून घ्यावं. सोमवार ते गुरुवार जमलं तर तेच पाऊसपाणी निम्म्या गर्दीत बघायला मिळतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सर्वांना मानवणारा काळ. प्राणी बघायचे तर मार्च ते मे, कारण पानगळीचं सागाचं रान तेव्हा उघडं पडतं आणि जनावरं पाणवठ्यांवर येतात.

वाघाबद्दल स्पष्ट बोललेलं बरं. मेळघाटात वाघ आहेत, पण डोंगर आणि दऱ्या इतक्या की ताडोबासारखा तो रस्त्यावर येऊन बसत नाही. वाघ दिसलाच पाहिजे म्हणून कोणी खर्च करत असेल तर त्यानं चंद्रपूरची गाडी धरावी. मेळघाटात गवा, सांबर, अस्वल आणि रानकुत्री यांच्यावर समाधान मानणारा सुखी होतो. पक्षी बघणाऱ्याला तर सिपनाच्या खोऱ्याशिवाय दुसरा मुक्काम सुचवणार नाही. १८८४ नंतर शंभराहून अधिक वर्षं कोणाच्या नोंदीत न आलेला रानपिंगळा १९९७ मध्ये शहाद्याजवळ, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात, पुन्हा सापडला, आणि पुढे मेळघाटातही त्याची चांगली वस्ती असल्याचं दिसलं. घुबडाच्या जातीतला असून हा पक्षी दिवसा वावरतो, म्हणून सागाच्या उघड्या फांदीवर सकाळच्या उन्हात दिसायची शक्यता असते.

राहिला प्रवास. धर्मापुरीहून परळी, गंगाखेड, परभणी, हिंगोली, वाशीम, अकोला आणि पुढे परतवाडा हा स्वतःच्या गाडीनंही पुरा दिवस खाणारा रस्ता आहे. रेल्वेनं परभणीहून पूर्णा, हिंगोली, वाशीम करत अकोला गाठता येतं. परतवाड्याहून चिखलदऱ्याला आणि धारणीकडे एसटी जाते; महिलांना आणि पासष्ट वर्षांवरच्या ज्येष्ठांना अर्धं तिकीट, पंचाहत्तरीवरच्यांना फुकट, त्यामुळे मोठ्या कुटुंबाला एसटी परवडते. पण एसटीनं जाणाऱ्यानं कोलकासपेक्षा सेमाडोह किंवा चिखलदरा घ्यावं, कारण स्टँडवरून सामान उचलून निवासापर्यंत जाणं तिथे सोपं. आणि पहिल्याच दिवशी संध्याकाळी घाट चढायचा हट्ट नको. चार वाजेपर्यंत परतवाडा गाठता आलं नाही तर तिथेच लॉजवर झोपावं. गाडीत डिझेल, खिशात रोख पैसे आणि पिशवीत नेहमीची औषधं हे तिन्ही परतवाड्यातच भरून घ्यावं. पुढे रुग्णालयाची वेळ आली तर खोऱ्यातून धारणीचं उपजिल्हा रुग्णालय आणि पठारावरून चिखलदऱ्याचं ग्रामीण रुग्णालय जवळ पडतं, हे मुक्काम निवडतानाच ध्यानात ठेवावं. रक्तदाबाचा किंवा दम्याचा रुग्ण सोबत असेल तर मी कोलकास सुचवणार नाही.

हरिसालचं नाव डिजिटल गाव म्हणून २०१६ मध्ये गाजलं. तिथेही सफारीचं गेट आहे, आणि कोलकासला जागा नसेल तर त्या बाजूला चौकशी करावी. घरगुती मुक्काम मिळाला तर कोरकू घरातलं कुटकीचं जेवण मागून खावं. फक्त लोकांच्या अंगणात न विचारता फोटो काढत सुटू नये.

तर माझा निवाडा असा. एकच रात्र असेल तर चिखलदरा, आणि सफारीचा हट्ट सोडावा. दोन रात्री असतील तर दोन्ही सेमाडोह किंवा कोलकासला काढाव्यात. एक इथे आणि एक तिथे केली तर अर्धा दिवस बॅगा भरण्यात जातो. तीन रात्री असतील तर पहिल्या दोन खोऱ्यात आणि शेवटची चिखलदऱ्याला, म्हणजे परतीच्या दिवशी घाट उतरला की परतवाडा लागतं आणि रात्री उशिरा का होईना, धर्मापुरी गाठता येते.