एआयच्या खालच्या मजल्यावर कोण कोणाशी बोलतं?

पोलिस तपासाला एआयची मदत देणाऱ्या महाक्राइमओएसची बातमी एव्हाना सगळ्यांनी वाचली आहे. मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नडेला यांच्या डिसेंबर २०२५ मधल्या मुंबई दौऱ्यात घोषणा झाली, नागपुरातल्या २३ पोलिस ठाण्यांत चालणारी यंत्रणा राज्यातल्या सगळ्या ११०० ठाण्यांत नेण्याचं ठरलं, आणि राज्य पोलिसांसाठी एआयचं काम करणाऱ्या 'मार्व्हल' या संस्थेचं कौतुक सुरू झालं. त्या कौतुकात 'एआय' हा शब्द किती वेळा आला ते मोजण्यात अर्थ नाही. ही यंत्रणा मायक्रोसॉफ्टच्या ज्या अझूर क्लाउडवर उभी आहे, त्याच्या तळाशी काय घडतं याबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढला नाही. खरी कारागिरी तिथे आहे, असं माझं मत आहे.

अझूरचा जवळजवळ प्रत्येक सर्व्हर हायपर-व्ही नावाच्या हायपरव्हायजरच्या ताब्यात असतो. तो एका यंत्राची अनेक व्हर्च्युअल मशीन करतो आणि प्रत्येकात एकेक ऑपरेटिंग सिस्टिम पाहुणी म्हणून वस्तीला येते. तिच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, वाटतं डिस्क माझी, नेटवर्क कार्ड माझं, घड्याळ माझं. प्रत्यक्षात यातलं काहीच त्याचं नसतं. तो बनावट कार्डाच्या रजिस्टरमध्ये काही लिहायला गेला की प्रोसेसर त्याला जागीच थांबवतो, हायपरव्हायजरला उठवतो, मग हायपरव्हायजर काय हवंय ते बघतो, करतो आणि पाहुण्याला पुन्हा चालू करतो. याला 'व्हीएम एग्झिट' म्हणतात. एका खेपेला प्रोसेसरची हजारभर सायकल खर्ची पडतात, म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भागसुद्धा नाही. पण नेटवर्कवरून सेकंदाला लाखो पॅकेट येत असतील आणि प्रत्येकासाठी अशा दोन-चार खेपा होत असतील, तर रामटेक ठाण्याच्या शिपायाने एकेक सुटा कागद घेऊन नागपूरला अधीक्षक कार्यालय गाठावं, सही घेऊन परतावं आणि लगेच दुसरा कागद घेऊन निघावं, तशी गत होते. त्याचा जन्म एसटीतच जायचा.

यावर तोडगा निघाला तो पाहुण्याला खरं सांगून टाकण्याचा. २००३ मध्ये केंब्रिज विद्यापीठातल्या झेन प्रकल्पाने हेच केलं. कर्नलमध्येच बदल केले, म्हणजे तो खोट्या हार्डवेअरशी झटापट करत बसणार नाही, हायपरव्हायजरला थेट 'हायपरकॉल' करेल. आज लिनक्स सुरू होताना प्रोसेसरला आधी विचारून घेतो की आपण कोणाच्या घरी आहोत. अझूरवर उत्तर येतं 'मायक्रोसॉफ्ट एचव्ही'. लिनक्सच्या केव्हीएम या हायपरव्हायजरवर असेल तर 'केव्हीएम' हेच नाव लागोपाठ तीनदा येतं. उत्तर कळलं की कर्नल त्याप्रमाणे वागायला लागतो.

पण हायपरकॉलही फुकट नाही, तीसुद्धा एक खेपच. म्हणून पुढची युक्ती बोलणंच कमी करण्याची. हायपर-व्हीच्या व्हीएमबस या निरोपांच्या वाटेवर पाहुणा आणि यजमान (म्हणजे हायपरव्हायजरची बाजू) मेमरीचा एक तुकडा सामायिक ठेवतात. त्यात प्रत्येक चॅनेलला दोन गोल रांगा असतात, एक जाणाऱ्या निरोपांची, दुसरी येणाऱ्यांची. लिहिणारा एक खूण पुढे सरकवतो, वाचणारा दुसरी. मजेची गोष्ट अशी की पाहुणा प्रत्येक निरोपाला यजमानाला हाक मारत नाही. रांग आधी रिकामी असेल तरच मारतो. रिकामी नसेल तर यजमान वाचतच असणार, मग त्याला कशाला उठवायचं? शिवाय यजमानाला 'आत्ता मला हाक मारू नका' असंही तिथेच लिहून ठेवता येतं. काम वाढलं की हाका कमी होतात, वाढत नाहीत. ज्याने हे पहिल्यांदा सुचवलं त्याला मनापासून दाद द्यावीशी वाटते.

वेळेचंही तसंच. लॉगमधल्या प्रत्येक नोंदीवर वेळ टाकावी लागते, डेटाबेसला तर ती क्षणाक्षणाला हवी असते. ती विचारायला दर वेळी खेप नको म्हणून हायपर-व्ही मेमरीच्या एका पानावर दोन आकडे ठेवतो. पाहुणा प्रोसेसरचा काउंटर वाचतो, एकाने गुणतो, दुसरा मिळवतो आणि वेळ स्वतःच काढतो. यजमानाला पत्ताही लागत नाही.

आता थोडं विषयांतर, पण मला फार आवडणारं. व्हीएमबसच्या पाहुण्याकडच्या बाजूचा कोड लिनक्सच्या उघड्या भांडारात आहे. तो तिथे आला जुलै २००९ मध्ये, मायक्रोसॉफ्टने सुमारे २० हजार ओळी जीपीएल या खुल्या परवान्याखाली देऊन टाकल्या तेव्हा. कंपनीच्या निवेदनात अर्थातच सौजन्य ओसंडून वाहत होतं. पण व्याट्टा कंपनीतल्या स्टीफन हेमिंगर यांनी वेगळीच गोष्ट जाहीर केली. मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीसाठीच्या नेटवर्क ड्रायव्हरमध्ये जीपीएलचा कोड आणि बंदिस्त कोड एकत्र जोडलेला त्यांना सापडला होता, आणि हे परवान्यात बसत नव्हतं. त्यामुळेच कोड खुला करावा लागला, हे मायक्रोसॉफ्टने मान्य केलं नाही. मी हेमिंगर यांच्या बाजूने आहे. पुढे दोन वर्षांनी, लिनक्स ३.० च्या वेळी, सर्वाधिक बदल पाठवणारे होते मायक्रोसॉफ्टचे के. वाय. श्रीनिवासन. त्यातले बहुतेक बदल म्हणजे हाच कोड झाडूनपुसून साफ करणं. आणि हेमिंगर? तेही नंतर मायक्रोसॉफ्टमध्येच गेले आणि त्याच नेटवर्क ड्रायव्हरची देखभाल करू लागले.

केव्हीएमच्या बाजूला व्हीएमबसचं हेच काम 'व्हर्टआयओ' करतं. रस्टी रसेल यांनी ते मांडलं, आणि त्यातल्या कन्सोल ड्रायव्हरच्या फाइलवर २००९ ते २०११ या वर्षांसह त्या काळी रेड हॅटच्या पुण्याच्या कार्यालयात असलेल्या अमित शहा यांचं नाव आहे. (केंद्रीय गृहमंत्र्यांशी फक्त नामसाधर्म्य.) पाहुण्याच्या आत चालणाऱ्या मदतनीस प्रोग्रॅमने यजमानाशी बोलायचं ते याच वाटेने.

इथवरचं सगळं एका गृहीतकावर चालतं, ते म्हणजे यजमान सज्जन आहे. साध्या व्हर्च्युअल मशीनमध्ये हायपरव्हायजरला पाहुण्याची सगळी मेमरी दिसू शकते, फक्त त्या गोल रांगा नव्हे. दुकानाच्या वेबसाइटला याने फरक पडत नाही. फिर्यादीचा जबाब, अल्पवयीन पीडितेचं नाव, खबऱ्याचा फोन नंबर मेमरीत असेल तर पडतो. यासाठी एएमडीने प्रोसेसरमध्येच एसईव्ही-एसएनपीची सोय केली आणि २०२२ पासून अझूरवर तशी 'कॉन्फिडेन्शियल' मशीन भाड्याने मिळतात. त्यांची मेमरी कूटबद्ध असते, यजमानाला वाचता येत नाही.

मग बोलायचं कसं? पाहुणा मेमरीची काही मोजकी पानं मुद्दाम उघडी ठेवतो आणि जाणारा-येणारा सगळा मजकूर आधी तिथे उतरवतो. मजकुराची जी नक्कल टाळायला वर्षानुवर्षं धडपड केली, ती पुन्हा करावी लागते आणि वेग घटतो. शिवाय यजमानाचा निरोप रांगेतच तपासून चालत नाही. तपासल्यानंतर वापरण्याआधी त्याने तो बदलला तर? म्हणून लिनक्सच्या व्हीएमबस ड्रायव्हरमध्ये २०२० नंतर असे बदल आले की पाहुणा निरोप आधी स्वतःकडे उतरवून घेतो आणि मग तपासतो. पूर्वी ज्या यजमानाचं म्हणणं तो निमूट मानायचा, त्याची आता प्रत्येक लांबी, प्रत्येक क्रमांक पडताळतो.

वेग घटला तरी चालेल, असं मला वाटतं. पंचनाम्याचा मसुदा दोन सेकंद उशिरा आला म्हणून आरोपी पळून जात नाही. राज्याच्या गृहखात्याने ११०० ठाण्यांच्या निविदेत एवढं एक कलम छापावं: तपासाचा मजकूर कॉन्फिडेन्शियल मशीनवरच राहील, आणि मशीन खरंच तसं आहे याचा प्रोसेसरने सही केलेला दाखला मायक्रोसॉफ्टच्या नव्हे, पोलिसांच्या माणसाने पडताळावा. ही सोय आजच विकत मिळते. एआयच्या सादरीकरणात तिच्यासाठी एक स्लाइड काढायला हरकत नसावी.