शाळेच्या वाटेवर, भाग 6 : वाचता येतं, पण कळतं का?

मागच्या आठवड्यात आपण झोप, जेवण आणि रोजची हजेरी यांबद्दल बोललो. आज वाचनाकडे वळू. पहिली ते तिसरी या तीन वर्षांत घराने एकाच गोष्टीकडे लक्ष द्यायचं ठरवलं, तर ती गोष्ट वाचनच असावी असं माझं ठाम मत आहे. तिसरी-चौथीत परिसर अभ्यास येतो, गणितात शाब्दिक उदाहरणं येतात, आणि शिष्यवृत्ती परीक्षाही आता पुन्हा चौथीत आली आहे. ज्याचं वाचन कच्चं, त्याचे सगळेच विषय कच्चे राहतात. मग आपण म्हणतो, ‘पोरगं गणितात मागं आहे.’ खरं तर बिचारं प्रश्नातच अडकलेलं असतं.

केंद्र सरकारने 5 जुलै 2021 रोजी निपुण भारत अभियान सुरू केलं. त्यात दुसरीच्या मुलाने मिनिटाला 45 ते 60 शब्द आणि तिसरीच्या मुलाने किमान 60 शब्द वाचावेत, असं उद्दिष्ट आहे. हा आकडा कानावर पडला की काही पालक मोबाइलवर घड्याळ लावून मुलाला पळवायला लागतात. पण त्याच उद्दिष्टात ‘समजपूर्वक’ असा शब्द आहे, आणि नेमका तोच गळतो.

घरी एक करून बघा. मुलाला त्याच्या पुस्तकातला शिकवून झालेला धडा वाचायला सांगा आणि त्याच्या बोटाकडे नीट बघा. बऱ्याचदा बोट पहिल्या ओळीवर असतं आणि तोंड दुसऱ्या ओळीवर पोचलेलं असतं. धडा पाठ झालेला असतो, तो वाचलेला नसतो. यात मुलाची लबाडी नाही, त्याच्या कानाला धडा येतो इतकंच. आता त्याच्यापुढे न शिकवलेलं पान ठेवा, किंवा शाळेच्या पुस्तकपेटीतलं गोष्टीचं छोटं पुस्तक. कुठे थांबतं, कुठल्या जोडाक्षराला अडखळतं, वेलांटी आणि मात्रा यांत गोंधळतं का, हे दोन मिनिटांत दिसेल. मग पुस्तक मिटून म्हणा, “आता मला सांग, काय झालं?” सांगता आलं तर वाचन झालं. नाही सांगता आलं तर रागवू नका. तेच पान तुम्ही वाचा किंवा मोठ्या भावंडाकडून वाचून घ्या, आणि पुन्हा विचारा.

यातलं निम्मं काम निरक्षर आईलाही करता येतं, आणि हे मला आवर्जून सांगायचं आहे. “मला वाचता येत नाही, मी काय शिकवणार?” असं म्हणून कितीतरी माया मागे सरतात. गोष्ट ऐकायला, ‘मग पुढं काय झालं’, ‘तो असं का वागला’ असं विचारायला अक्षरओळख लागत नाही. आपल्या राज्यात 2022 मध्ये शाळापूर्व तयारीचं ‘पहिले पाऊल’ अभियान सुरू झालं, त्याचा पाया हाच होता. गावोगावी माता गट झाले, प्रत्येक गटाची एक लीडर माता ठरली आणि घरच्या वस्तूंनी करायच्या कृती व्हॉट्सअ‍ॅपवर येऊ लागल्या. तुमच्या वाडीवर असा गट चालू असेल तर त्यात जा. बंद पडला असेल तर चार बायकांनी मिळून तो पुन्हा उभा करता येतो, त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

घरात पुस्तकं नाहीत, ही अडचण खरी आहे. पण वाचायला मजकूर नाही असं एकही घर आपल्या शिरूर आणि दौंड तालुक्यांत नसेल. एका वस्तीवर संध्याकाळी पाहिलेली गोष्ट सांगतो. दुसरीतली मुलगी आजोबांसोबत दूध घालायला केंद्रावर आली होती. मशीनमधून चिठ्ठी निघाली. आजोबांनी ती खिशात न घालता नातीच्या हातात दिली. “वाच गं.” मुलगी वाचू लागली : तारीख, संध्याकाळ, लिटर किती, फॅट तीन पॉइंट आठ, मग एसएनएफ, दर, रक्कम. “सकाळी किती होती फॅट?” मुलगी थांबली आणि आठवून म्हणाली, “तीन पॉइंट सहा. म्हंजे आत्ता जास्त हाय.” दशांश अपूर्णांक तिच्या पुस्तकात यायला अजून वेळ आहे, पण कमी-जास्त तिला चिठ्ठीवर कळलं. त्या कागदाला घरात किंमत आहे हे तिला ठाऊक होतं, म्हणून ती मन लावून वाचत होती. शिरूर-न्हावरे-चौफुला रस्त्यावरच्या पाट्या, एसटीचा फलक, खताच्या गोणीवरची अक्षरं, लग्नपत्रिका, हे सगळं वाचन आहे. गाडीवर मागे बसलेल्या मुलाला “ती पाटी काय म्हणते?” एवढं विचारलं तरी पुरे.

कांद्याच्या चाळीचंही तसंच. निवडायला बसलेल्या आईशेजारी मूल असतंच. मोठा कांदा, गोल्टी, चिंगळी, जोड कांदा असे ढीग करणं म्हणजे वर्गीकरण, आणि पहिलीच्या गणितात मुलाने तेच शिकायचं असतं. “हा इकडं का टाकलास?” असं विचारलं की मूल कारण सांगायला शिकतं. कारण सांगणारं मूल पुढे उत्तरही स्वतःच्या शब्दांत लिहितं. मात्र हे काम खेळाइतकंच असावं. मजुरी वाचावी म्हणून शाळा बुडवून मुलाला चाळीत बसवणं ही अगदी वेगळी गोष्ट, आणि ती करू नये.

हातांनी शिकण्याचा हा वारसा आपल्या भागाला नवा नाही. पंडिता रमाबाईंनी अमेरिकेत असताना बालवाडीच्या शिक्षणपद्धतीचा अभ्यास केला होता, आणि पुढे त्यांचं मुक्ती मिशन दौंड तालुक्यात केडगावला उभं राहिलं. शिरूर तालुक्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, तोही काम करत शिकण्याच्या विचारावर.

बोलीबद्दल थोडं. “आन”, “न्हाय”, “पानी” म्हणणाऱ्या मुलाला घरात दर वाक्याला टोकू नका. टोकलं की मूल चुका कमी करत नाही, बोलणंच कमी करतं. प्रमाणभाषा ते पुस्तकातून आणि गुरुजींच्या तोंडून उचलतं. पारधी किंवा कैकाडी बोलणारं घर असो, नाहीतर रांजणगावच्या कारखान्यांत कामाला आलेलं हिंदी बोलणारं कुटुंब, गोष्टी आपल्या भाषेतच सांगाव्यात. ज्या मुलाकडे सांगण्यासारखं खूप आहे, ते दुसरी भाषाही लवकर धरतं.

वाबळेवाडीचं नाव तुम्ही ऐकलं असेल. शिक्रापूरजवळच्या या जिल्हा परिषद शाळेत प्रवेशासाठी पालकांची रांग लागू लागली, तेव्हा लोक काचेच्या खोल्या बघायला जायचे. मला तिथली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते : ‘विषयमित्र’. जे मूल एखादा भाग शिकलं, ते इतरांना शिकवतं. तिथले दत्तात्रय वारे गुरुजी पुढे खेड तालुक्यात जालिंदरनगरला गेले आणि त्या शाळेला 2025 मध्ये जगातल्या उत्तम शाळांच्या स्पर्धेत लोकपसंतीचा पुरस्कार मिळाला. तिथेही हीच पद्धत आहे. काचेची खोली घरी बांधता येत नाही, पण चौथीतल्या थोरलीला पहिलीतल्या धाकट्याची विषयमित्र करता येतं. रोज पंधरा मिनिटं. थोरलीला यात दुप्पट फायदा, कारण शिकवताना आपल्याला काय येत नाही ते तिचं तिलाच कळतं. तिच्यावर घरकामाचं आणखी ओझं मात्र पडू देऊ नका, तेवढा वेळ भांडी दुसऱ्या कुणीतरी घासावीत.

ऊसतोडीला आलेल्या कुटुंबांचा प्रश्न वेगळा आहे. हंगामात फडाजवळच्या खोपीत राहणाऱ्या मुलाचं वाचन सहा-सहा महिने तुटतं आणि मिळवलेलं विसरतं. शिक्षण हक्क कायदा 2009 सांगतो की जन्माचा दाखला नाही म्हणून कुठलीही शाळा प्रवेश नाकारू शकत नाही, आणि मुलाला वयाप्रमाणे वर्ग मिळाला पाहिजे. हे टोळीतल्या आईबापांना बहुधा माहीत नसतं. पण ज्याच्या रानात टोळी उतरली आहे, त्या शेतकऱ्याला माहीत असायला हवं. सकाळी आपल्या मुलाला शाळेत सोडताना त्या खोपीतल्या दोन मुलांना गाडीवर घेतलं, तर शाळेच्या दारापर्यंतचा संकोच निम्मा सरतो.

पुढच्या पालकसभेत गुरुजींना किंवा बाईंना “कसा आहे आमचा?” असं विचारू नका. “बरा आहे” हे त्याचं ठरलेलं उत्तर. त्याऐवजी विचारा : न शिकवलेलं पान वाचतो का? कुठल्या अक्षरांना अडतो? वाचलेलं सांगतो का? वर्गात आपणहून बोलतो का? चार नेमके प्रश्न विचारणाऱ्या पालकाच्या मुलाकडे शिक्षकाचंही लक्ष राहतं. आणि शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या जागा महिलांच्या असतात. पुस्तकपेटी कुलपात असेल तर ती उघडायला लावण्याची जागा तीच.

पुढच्या आठवड्यात गणित : ‘एकोणचाळीस’ म्हटल्यावर मूल 49 का लिहितं, आणि पाढे कधी पाठ करून घ्यावेत.