हक्कसोडीआधी लातूरची एक खेप

मुरुड हे लातूर-बार्शी रस्त्यावरचं मोठं बाजाराचं गाव. तालुका लातूर, त्यामुळे इथला जमिनीचा वाद तलाठ्याकडे सुरू होतो आणि गावात मिटला नाही तर लातूरच्या कोर्टात जातो. ‘वकील लावायला पैसे कुठून आणायचे?’ हा प्रश्न या वाटेवर अनेकांचे पाय धरून ठेवतो. त्याचं उत्तर कायद्यात लिहिलेलं आहे. ते प्रत्यक्षात कसं चालतं, हे आपल्याकडे घरोघरी घडणाऱ्या एका प्रसंगावरून पाहू.

समजा, वडील वारले. सातबाऱ्यावर वारसांची नावं लावायची आहेत. भाऊ बहिणीच्या सासरी आलेला, चहा होतो, मग तो म्हणतो, “ताई, एक सही लागती तुझी.” पुढे केलेला कागद हक्कसोडपत्राचा असतो. सही केली नाही तर माहेर तुटेल, ही भीती मनात. केली तर आपलं काय जातंय, हे सांगणारं जवळ कोणी नाही.

जातं ते असं. हिंदू वारसा कायद्याने वडिलोपार्जित जमिनीत मुलीला जन्मानेच मुलाइतका वाटा आहे. महाराष्ट्राने हा हक्क १९९४ सालीच दिला होता, पण त्या वर्षीच्या २२ जूनआधी लग्न झालेल्या मुलींना त्यातून वगळलं होतं. ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या केंद्राच्या दुरुस्तीने ती अट उरली नाही. त्या तारखेला वडील हयात असायलाच हवेत, असंही नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात हे स्पष्ट केलं. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने झालेली वाटणी यामुळे पुन्हा उघडत नाही. आपलं प्रकरण यातल्या कोणत्या बाजूला पडतं, हे कागद पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. वकील लागतो तो इथे, सही करण्याच्या आधी.

दार कुठे आहे

राज्यघटनेत १९७६ साली अनुच्छेद ३९-अ आला. गरिबीमुळे कोणी न्यायाला मुकू नये, म्हणून सरकारने मोफत कायदेशीर मदत पुरवावी, असं तो सांगतो. त्यावर १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा उभा राहिला आणि ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाला. त्यानुसार जिल्ह्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असतं, त्याचे अध्यक्ष जिल्हा न्यायाधीश. तालुक्याच्या पातळीवर विधी सेवा समिती असते. मुरुडकरांनी लातूरला जिल्हा न्यायालयाच्या आवारात जाऊन विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय विचारावं. जाणं जमत नसेल तर १५१०० या क्रमांकावर फोन करता येतो.

अर्ज मराठीत चालतो. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगितलेलंही चालतं. तिथली माणसं किंवा विधी स्वयंसेवक ते उतरवून घेतात. अर्जावर शक्यतो लगेच आणि उशिरात उशिरा सात दिवसांत निर्णय द्यायचा असतो. नकार मिळाला तर त्यावर अपील करता येतं.

कोणाला मिळतं

कायद्याचं कलम १२ पात्र माणसांची यादी देतं. स्त्रिया आणि मुलं, अनुसूचित जाती-जमातीची माणसं, दिव्यांग, मानवी तस्करीला बळी पडलेले, औद्योगिक कामगार, कोठडीत असलेले. या सगळ्यांना उत्पन्नाची अट नाही. म्हणून आपल्या गोष्टीतली ताई, तिच्या नवऱ्याची कमाई कितीही असली, तरी पात्र ठरते. जे या यादीत बसत नाहीत, त्यांच्यासाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तीन लाख रुपये आहे. उत्पन्नाबद्दल अर्जदाराचं प्रतिज्ञापत्र पुरेसं मानता येतं, असं कायदाच म्हणतो.

याच यादीत आणखी एक ओळ आहे आणि ती लातूरकराने लक्षात ठेवावी अशी आहे : सामूहिक आपत्ती, जातीय अत्याचार, पूर, दुष्काळ, भूकंप यांत सापडलेले लोक. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला जो भूकंप झाला तो आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं ते, दोन्ही या जिल्ह्याने भोगलं आहे. अशा वेळी घर, जमीन, भरपाई यांचे वाद उभे राहतात, आणि तेव्हा माणसाच्या हातात वकिलाला द्यायला काही उरलेलं नसतं. कायदा करणाऱ्यांनी हे ओळखून ठेवलं होतं.

वकील काय करतो, पैसे कोण देतो

प्राधिकरणाकडे वकिलांचं पॅनेल असतं. त्यात येण्यासाठी किमान तीन वर्षांची वकिली लागते. नेमलेल्या वकिलाचं मानधन प्राधिकरण देतं. पक्षकाराकडून रोख किंवा वस्तुरूपाने काहीही घ्यायला त्याला सक्त मनाई आहे. कोणी मागितलं तर प्राधिकरणाकडे तक्रार करावी. कोर्ट फी, नकला, टंकलेखन, भाषांतर यांचा खर्चही या मदतीत येतो.

‘फुकटचा वकील काय काम करणार?’ असं पारावर बोललं जातं. या शंकेला आधार आहे, हे मान्य करायला हवं. मानधन खासगी फीपेक्षा पुष्कळ कमी असतं आणि चांगल्या वकिलाचा वेळ महाग असतो. म्हणूनच कामावर देखरेख ठेवणारी समिती नियमात आहे आणि सबळ कारण असेल तर वकील बदलून मागता येतो. फौजदारी प्रकरणांसाठी तर आता लोक अभिरक्षक कार्यालयं सुरू झाली आहेत. तिथले वकील पूर्णवेळ हेच काम करतात.

या फौजदारी बाजूची मुळं महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात आहेत. होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९७८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाचे न्या. कृष्णा अय्यर यांनी सांगितलं, की कैद्याला निकालाची प्रत मोफत आणि वेळेत मिळाली पाहिजे, आणि अपिलासाठी वकील परवडत नसेल तर तो दिला पाहिजे. नंतर १९८६ मध्ये सुक दास खटल्यात न्यायालय आणखी पुढे गेलं : आरोपीने वकील मागितला नाही, एवढ्या कारणाने त्याचा हा हक्क जात नाही. हक्क माहीतच नसलेला माणूस तो मागणार कसा?

लोकअदालतीत बसण्याआधी

ताईला भावाशी वैर नको आहे. तिच्यासारख्यांना लोकअदालतीचा रस्ता आहे. वाटणी, बँकेचं कर्ज, चेक न वटणं, अपघाताची भरपाई, वीजबिल असे वाद तिथे तडजोडीने मिटतात. दावा दाखल होण्याआधीही प्रकरण नेता येतं. फी लागत नाही. आधी कोर्ट फी भरली असेल तर ती परत मिळते. तडजोड जमली नाही तर प्रकरण जसंच्या तसं कोर्टात परत जातं, कोणाचं काही बिघडत नाही.

पण तडजोडीवर सही झाली की तो निवाडा दिवाणी हुकूमनाम्याइतकाच पक्का होतो आणि त्यावर अपील नाही. लवकर मिटणं ही लोकअदालतीची ताकद आहे, आणि घाई हा तिथला धोका. किती गुंठे, कोणत्या गटातले, विहिरीच्या पाण्यात वाटा किती, बांधावरून वाट कुठून, हे सगळं कागदावर आलं आहे का, ते आपल्या वकिलाकडून वाचून घ्यावं. लोकअदालतीच्या पॅनेलवरच्या लोकांनी कितीही प्रेमाने सुचवलं, तरी ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार शेवटच्या क्षणापर्यंत आपला असतो.

ताईने वाटा घ्यावा की भावाला द्यावा, हे तिने ठरवायचं. काही बहिणी सगळं समजून, आनंदाने सोडतात, आणि तोही त्यांचा अधिकार आहे. तिने लातूरला जाताना पिशवीत एवढं घ्यावं : सातबारा, आठ-अ, जुने फेरफार, वडिलांचा मृत्यूचा दाखला, आधार कार्ड. आणि भावाने दिलेला तो हक्कसोडीचा कागद, अजून सही न केलेला.